जॅझच्या मेळांत बासरी

‘जॅझ’ हा शब्द उच्चारतांच आमच्या कित्येक पालकबंधूंच्या कपाळास आठी पडते, हें आम्हांस ठाऊक आहे. हॉटेलांतील नाच, मद्याचे पेले, कर्कश वाजंत्री आणि रात्रीं उशिरापर्यंत चालणारा धिंगाणा, एवढाच या शब्दाचा अर्थ पुष्कळांच्या मनांत असतो. उलटपक्षीं पाश्चात्यांचें शास्त्रीय संगीत आमच्या विद्यार्थ्यांस इतकें भारदस्त वाटतें कीं, तें आपल्यासाठीं नव्हेच असें समजून ते त्याच्या वाटेस जात नाहींत. अशा स्थितींत या दोहोंस एकत्र आणणाऱ्या एका ध्वनिमुद्रिकेविषयीं शाळेच्या वार्षिकांत लिहिणें कांहींसें धाडसाचेंच होय. तथापि त्या ध्वनिमुद्रिकेंत एका अवघड प्रश्नाचा उलगडा केलेला आहे, व तो प्रश्न केवळ वादनापुरता नाहीं. निरनिराळ्या वळणांत वाढलेलीं दोन माणसें एके ठिकाणीं काम करूं लागलीं, तर त्यांपैकीं एकानें आपलें वळण टाकलेंच पाहिजे काय?

क्लोद बोलिंग या फ्रेंच जॅझ-पियानोवादकानें १९७३ सालीं रचिलेली आणि झाँ-पिएर रांपाल या विख्यात बासरीवादकाबरोबर वाजविलेली ‘स्वीट फॉर फ्लूट अँड जॅझ पियानो ट्रायो’ हीच ती कृति. तिची ध्वनिमुद्रिका सी. बी. एस. कंपनीनें १९७५ सालीं प्रसिद्ध केली. येथें ‘स्वीट’ म्हणजे गोड नव्हे, हें आधींच सांगितलेलें बरें. एकामागून एक वाजवावयाच्या लहान लहान भागांची जी माळ, तिला पाश्चात्य संगीतांत हें नांव आहे. ‘ट्रायो’ म्हणजे त्रिकूट. या त्रिकुटांत पियानो बोलिंग यांचा. माणसाएवढें उंच, उभें धरून बोटांनीं छेडावयाचें ‘डबल बास’ नामक तंतुवाद्य मॅक्स एदिगेर यांचें. आणि ढोल व झांजा यांचा संच मार्सेल साबियानी यांचा. या तिघांच्या मेळांत चौथी बासरी.

प्रथम जॅझविषयींचा गैरसमज थोडा दूर करूं. अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स या बंदरीं, एकोणिसावें शतक संपून विसावें लागण्याच्या सुमारास, या संगीतास आकार आला. तें निर्माण करणारे लोक मुख्यतः आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांचे वंशज होते. शेतांत राबतांना म्हटलेलीं श्रमगीतें, ‘ब्लूज’ नांवाचीं दुःखगीतें, लष्करी बँडच्या चाली आणि प्रार्थनामंदिरांतील भक्तिगीतें, इतक्या झऱ्यांचें पाणी त्यांत मिळालेलें आहे. या भक्तिगीतांविषयींची एक गोष्ट आमच्यासारख्या शाळेच्या वाचकांस विशेष रुचेल. मुक्त झालेल्या गुलामांकरितां अमेरिकन मिशनरी असोसिएशननें नॅशव्हिल येथें १८६६ सालीं काढलेली फिस्क नांवाची शाळा पुढें पांच वर्षांतच पैशाच्या अडचणीनें बुडण्याच्या बेतास आली. तेव्हां, १८७१ सालीं, तेथील नऊ विद्यार्थी गांवोगांव फिरून आपल्या आईबापांचीं गीतें गाऊं लागले. त्या गीतांनीं शाळा तरली, आणि जीं गीतें केवळ गुलामांच्या झोपड्यांत ऐकूं येत असत, तीं राजेरजवाड्यांच्या कानीं पडलीं. ज्या संगीताच्या मुळाशीं असल्या गोष्टी आहेत, त्याला केवळ हॉटेलांतील संगीत म्हणून हिणविणें न्याय्य नव्हे.

आतां जॅझचें लक्षण काय? मोठीं अशीं दोन सांगतां येतील. एक म्हणजे ऐनवेळीं रचना करणें. आपल्याकडील गवई बंदिशीचें मुख धरून त्याभोंवतीं आलाप-ताना गुंफतो, पुन्हां समेवर येतो. त्याच तऱ्हेनें जॅझवादक एखाद्या ठराविक चालीचा सांगाडा मनांत धरून त्यावर दर वेळीं नवें कांहीं उभारतो. दुसरें लक्षण म्हणजे ‘स्विंग’. त्याला झोका म्हणावें. एका मात्रेचे दोन सारखे भाग करून ‘दा-दा, दा-दा’ असें म्हणून पाहावें. मग तेंच ‘दाऽ-द, दाऽ-द’ असें, पहिला लांब व दुसरा आंखूड करून म्हणावें. लगेच पाय हालूं लागतो. शिवाय चार मात्रांच्या आवर्तनांत जॅझचा ढोलवाला पहिल्या-तिसऱ्या मात्रेऐवजीं दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर झांज मिटतो, त्यामुळें त्या झोक्याला आणखी वेग मिळाल्याचा भास होतो.

पाश्चात्य शास्त्रीय वादकाची शिस्त याच्या अगदीं उलट दिसते. रचनाकार कागदावर प्रत्येक स्वर, त्याची लांबी, त्याचा जोर, सर्व कांहीं लिहून ठेवतो, आणि वादकानें तें जसेंच्या तसें, परंतु जिवंत करून वाजवावयाचें असतें. पदरचा एक स्वर घातला तर तो दोष. म्हणून हे दोघे एकत्र बसावयाचे कसे, हें कोडें पडतें.

परंतु इतिहासांत थोडें मागें गेलें तर हे दोघे मुळांत इतके परके नव्हते, असें दिसून येतें. सतराव्या-अठराव्या शतकांत, ज्या काळाला ‘बरोक’ काळ म्हणतात त्या काळीं, हार्पसिकॉर्ड नामक तारांच्या पेटीवर साथ करणाऱ्याच्या पुढें केवळ खालच्या पट्टींतील एक ओळ व तिच्यावर कांहीं आंकडे लिहिलेले असत. त्या आंकड्यांवरून वरचे स्वर कसे भरावयाचे, हें तो बसल्या बैठकीस ठरवी. आजच्या जॅझवादकाच्या कागदावर आंकड्यांऐवजीं अक्षरखुणा असतात, एवढाच फरक. साथीच्या तळाशीं सतत चालत राहणारी खर्जाची ओळ, ही देखील बाख याच्या काळची आणि जॅझची सामाईक मत्ता होय. त्याहून नवल हें कीं, फ्रान्स देशांत त्या काळीं सारखे लिहिलेले स्वर मुद्दाम लांब-आंखूड करून वाजविण्याची रूढि होती. आम्ही फ्रेंच लोक लिहितों एक आणि वाजवितों दुसरें, अशा आशयाची कबुली कूपरँ या फ्रेंच रचनाकारानें आपल्या १७१६ सालच्या वादनशिक्षणाच्या पुस्तकांत देऊन ठेविली आहे. ही रूढि म्हणजेच जॅझचा झोका, असें म्हणण्याइतके आम्ही उतावीळ नाहीं. दोहोंचीं कुळें निराळीं आहेत. पण कागदावरील स्वर आणि कानांवर येणारा स्वर यांत अंतर ठेवण्याची मुभा दोन्ही घरीं होती, हें खरें.

आतां त्या दोन माणसांकडे वळूं. रांपाल यांचा जन्म १९२२ सालीं मार्सेय शहरीं झाला. वडील स्वतः बासरीचे शिक्षक. तरी मुलानें पोटासाठीं बासरी फुंकूं नये, डॉक्टर व्हावें, अशी घरची इच्छा. (ही इच्छा आमच्या पालकवर्गास परकी वाटणार नाहीं.) त्याप्रमाणें झाँ-पिएर वैद्यकी शिकूं लागले. तोंच १९४३ सालीं, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यांत असतां, त्यांना सक्तीच्या मजुरीसाठीं जर्मनीस जाण्याचा हुकूम आला. तो चुकवून ते पॅरिसला निसटले, एका ठिकाणीं फार दिवस न राहतां लपून-छपून दिवस काढूं लागले, आणि तेथील प्रसिद्ध संगीतशाळेंत त्यांनीं प्रवेश मिळविला. कांहीं महिन्यांतच बासरीवादनाचें पहिलें बक्षीस त्यांना मिळालें, आणि वैद्यकी कायमची मागें पडली. युद्धानंतर बरोक काळांतील विसरलेल्या बासरी-रचना त्यांनीं ग्रंथालयांतून शोधून काढून जगापुढें आणिल्या. पियानो किंवा व्हायोलिन यांच्याप्रमाणें बासरीचीहि स्वतंत्र मैफल होऊं शकते, हें लोकांस पटवून देण्याचें पुष्कळसें श्रेय त्यांच्याकडे जातें.

त्यांच्या सोन्याच्या बासरीची हकीकत येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पॅरिसचा लुई लो हा कारागीर चांदीच्या बासऱ्यांकरितां प्रसिद्ध होता. १८६९ सालीं त्यानें एक सोन्याची बासरी घडविली. ती फिरत फिरत एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे गेली, व तो ती वितळवून सोनें विकण्याच्या विचारांत होता. १९४८ सालीं रांपाल यांनीं घरच्यांच्या मदतीनें पैसे उभे करून ती सोडविली आणि पुढें कित्येक वर्षें वाजविली. ही पाश्चात्य बासरी आपल्या बांबूच्या आडव्या बासरीचीच बहीण. दोहोंत वाऱ्याचा झोत छिद्राच्या कडेवर आपटून ध्वनि निघतो. मात्र आपला वादक उघड्या छिद्रांवर बोटें सरकवून मींड काढतो, तर पाश्चात्य बासरीवर छिद्रें मिटावयास झांकणें व कळा असतात. त्यांची आजची मांडणी बोएम नामक जर्मन वादकानें १८४७ सालीं बसविली.

बोलिंग हे रांपाल यांच्याहून आठ वर्षांनीं लहान. जन्म १९३० सालचा, कान या समुद्रकांठच्या गांवचा. चौदाव्या वर्षींच ते मोठमोठ्या जॅझवादकांच्या पंक्तीस बसूं लागले. अमेरिकेचे थोर कृष्णवर्णीय रचनाकार ड्यूक एलिंग्टन हे त्यांचें दैवत, व पुढें स्नेहीहि. चित्रपटांसाठीं त्यांनीं विपुल संगीत दिलें. ‘बोर्सालिनो’ या १९७० सालच्या चित्रपटाची चाल फ्रान्समध्यें घरोघर पोहोंचली होती. एक शास्त्रीय व एक जॅझ अशा दोन पियानोवादकांसाठीं त्यांनीं एक रचना केली होती. त्याच धर्तीवर आपल्या बासरीसाठींहि कांहीं लिहावें, अशी रांपाल यांनीं त्यांस विनंति केली, आणि हा सात भागांचा स्वीट जन्मास आला.

बोलिंग यांची युक्ति इतकी साधी आहे कीं, ती दुसऱ्या कोणास आधीं कां सुचली नाहीं असें वाटावें. रांपाल हे जॅझवादक नव्हते, आणि बोलिंग यांनीं त्यांना जॅझवादकाचा वेष चढविला नाहीं. बासरीचा स्वर न् स्वर लिहून दिला. ती आपल्या सरळ, समतोल, निर्मळ रीतीनें चालते. भोंवतीं पियानोचें त्रिकूट झोके घेतें. कधीं बासरी थांबते व त्रिकूट जॅझच्या अंगणांत धांवून येतें. कधीं त्रिकूट दबतें व पियानो एकटाच हार्पसिकॉर्डच्या थाटांत बासरीची साथ करतो. दोन बोलींत चाललेला हा संवाद आहे. कोणीहि दुसऱ्याची बोली बोबडी बोलून दाखवीत नाहीं.

पहिल्या भागाचें नांवच ‘बरोक अँड ब्लू’ असें आहे. आरंभींची चाल एखाद्या अठराव्या शतकांतील दरबारांत शोभावी अशी. श्रोता सांवरून बसतो न बसतो तोंच डबल बास चालूं लागतो, झांज वाजते, आणि तींच माणसें अटलांटिक महासागर ओलांडून गेल्यासारखीं वाटतात. मग पुन्हां दरबार, पुन्हां महासागर. आमच्या मतें सबंध कृतींत हा भाग सर्वांत यशस्वी आहे, कारण दोन काळांमधील अंतर तो लपवीत नाहीं. त्या अंतराचीच गंमत करतो. दुसरा ‘सेंटिमेंटाल’ हा नांवाप्रमाणेंच भावविवश. प्रारंभीं पियानो बराच वेळ एकटा बोलतो, नंतर बासरी येते. हा भाग पुष्कळांस अतिशय आवडतो. आम्हांस मात्र त्यांत साखर किंचित् अधिक पडलीसें वाटतें.

तिसऱ्या ‘जाव्हानेज’ या भागाच्या नांवावरून जावा बेटाची आठवण होईल, पण तो शब्दश्लेष आहे. पॅरिसच्या सामान्य लोकांच्या नाचघरांत ‘जावा’ नांवाचा तीन मात्रांचा एक नाच चालत असे. बोलिंग यांनीं त्या तिहींत आणखी दोन मात्रा घालून पांचांचें आवर्तन केलें. पाश्चात्य कानांस पांच मात्रा लंगड्या वाटतात. ज्यांनीं झपताल ऐकला आहे त्या आमच्या विद्यार्थ्यांस त्या सहज मोजतां याव्या. तबल्याचा वर्ग ज्यांनीं केला आहे त्यांनीं हा भाग हातावर ताल धरूनच ऐकावा. चौथ्या ‘फ्यूगास’मध्यें एकानें चाल उचलावी, ती पुरी होण्याच्या आधींच दुसऱ्यानें तीच चाल निराळ्या स्वरावरून धरावी, मग तिसऱ्यानें, अशी बाखची आवडती पाठलागाची तऱ्हा आहे, आणि तिच्याखालीं जॅझची लय अखंड वाहते. वर सांगितलेलें दोन घरांचें जुनें नातें येथें प्रत्यक्ष कानांनीं पारखतां येतें. पांचवा ‘इर्लांदेज’ आयरिश लोकगीतांच्या वळणाचा, शांत व निगर्वी. सहाव्या ‘व्हर्सातिल’मध्यें रांपाल नेहमींची बासरी खालीं ठेवून ‘बास फ्लूट’ नांवाची लांब बासरी घेतात. तिचा आवाज एक सप्तक खालीं, भरदार आणि किंचित् घोगरा. आपल्याकडे पन्नालाल घोष यांनीं प्रचारांत आणलेल्या लांब बांबूच्या बासरीच्या खर्जाची ज्यांना ओळख आहे, त्यांना तो ऐकून जवळचा वाटेल. सातवा ‘व्हेलोस’ म्हणजे वेगवान. त्यांत सर्वांचीच दमछाक होते, व शेवट झटक्यानें येतो.

ही ध्वनिमुद्रिका लोकांनीं कशी उचलून धरली, याची साक्ष अमेरिकेंतील ‘बिलबोर्ड’ पत्राच्या शास्त्रीय विभागाच्या यादीवरून मिळते. त्या यादींत ती ५३० आठवडे, म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ टिकली. पंडितांचें मत मात्र सर्वस्वीं अनुकूल नव्हतें. जॅझच्या कांहीं अभिमान्यांस तें फार सोज्ज्वळ वाटलें. शास्त्रीय संगीताच्या कांहीं अभिमान्यांस फार हलकें. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. जॅझचें पहिलें लक्षण आम्हीं ऐनवेळची रचना हें सांगितलें. तें बासरीच्या वांट्यास येथें मुळींच आलेलें नाहीं. ज्या संगीताच्या पोटीं एवढें दुःख सांठवलेलें आहे, त्याचें दुःख या कृतींत फारसें ऐकूं येत नाहीं, हेंहि कबूल केलें पाहिजे. येथें आहे तें सुखी माणसांचें संभाषण. परंतु संभाषण प्रामाणिक आहे, आणि आमच्या मतें हा गुण लहान नव्हे. जॅझमधील झोका ज्याच्या अंगांत मुरलेला नाहीं, अशा वादकाकडून त्याचें सोंग करविलें असतें, तर तें कानांस तत्काळ खुपलें असतें.

मिश्रणाची दुसरीहि एक वाट आहे, व ती याहून बिकट. ह्यूबर्ट लॉज हे अमेरिकेंतील कृष्णवर्णीय बासरीवादक. जन्म १९३९ सालीं, ह्यूस्टन शहरीं. हे जॅझमध्यें वाढले, आणि शिवाय न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संगीतशाळेंत ज्यूलियस बेकर यांच्यासारख्या गुरूजवळ शास्त्रीय वादन शिकले. पुढें मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या वाद्यवृंदांतहि त्यांनीं वाजविलें. बोलिंग यांच्या रचनेच्या दोन वर्षें आधीं, १९७१ सालीं, त्यांची ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तींत स्त्राविन्स्की, देब्यूसी, फोरे आणि बाख यांच्या कृति घेऊन त्या जॅझवृंदासाठीं नव्यानें मांडल्या आहेत. मांडणी डॉन सेबेस्की यांची. येथें दोन माणसांचा संवाद नाहीं, एकाच माणसाच्या अंगीं दोन्ही बोली आहेत. लिखित स्वर संपतो कोठें आणि लॉज यांची स्वतःची कल्पना सुरू होते कोठें, हें पुष्कळदां सांगतां येत नाहीं. रांपाल-बोलिंग यांची ध्वनिमुद्रिका ऐकून मन प्रसन्न होतें. लॉज यांची ऐकून मन थोडें अस्वस्थ होतें, व पुन्हां ऐकावेंसें वाटतें. दोहोंचीं बलस्थानें निराळीं आहेत, आणि विद्यार्थ्यांनीं पहिली आधीं व दुसरी नंतर ऐकावी, असा आमचा सल्ला आहे.

हें सर्व दूर देशींचें, आपणांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु मुंबईंत हाच प्रश्न निराळ्या रूपानें फार दिवसांपूर्वीं उभा राहिला होता. गोव्यांतील चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्य स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत. त्या शाळांतून तयार झालेले वादक मुंबईस येऊन हॉटेलांच्या जॅझमेळांत वाजवीत, व दिवसां चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसत. आंतोनियो शाव्हियेर वाझ, ज्यांना लोक ‘चिक चॉकलेट’ या नांवानें ओळखीत, हे त्यांतलेच एक. तुतारीच्या जातीचें ‘ट्रंपेट’ हें त्यांचें वाद्य. पुणतांब्यास जन्मलेले आमचे सी. रामचंद्र यांनीं १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटाच्या संगीतांत त्यांचें साहाय्य घेतलें. त्यांतील गाण्यांवर आमच्या वाचकांचे आजे-आज्या डोलल्या असतील. पण तें डोलणें न्यू ऑर्लिन्सहून गोव्याच्या मार्गें आलें, हें त्यांच्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. खुद्द रांपाल यांचीहि आपल्या संगीताशीं गांठ पडली. १९७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका ध्वनिमुद्रिकेंत पंडित रविशंकर यांच्या सतारीबरोबर त्यांनीं नट भैरव रागावर आधारलेली रचना वाजविली आहे. मींडेसाठीं न घडविलेल्या बासरीवर आपल्या रागाचे स्वर त्यांनीं किती अदबीनें घेतले आहेत, हें ऐकण्यासारखें आहे.

रांपाल २००० सालीं आणि बोलिंग २०२० सालीं निवर्तले. आपल्या हयातींत बोलिंग यांनीं व्हायोलिन, गिटार, ट्रंपेट व चेलो यांच्या नामांकित वादकांसाठीं याच धर्तीच्या रचना केल्या, आणि रांपाल यांच्यासाठीं बासरीचा दुसरा स्वीटहि लिहिला. पण पहिल्याची सर त्यांना आली नाहीं, असें आम्हांस वाटतें. ज्या घरीं ऐकण्याची सोय असेल, तेथें आईबापांनीं मुलांसह पहिला भाग तीनदां ऐकावा. पहिल्यानें नुसती बासरी धरावी. दुसऱ्या वेळीं तिला सोडून केवळ डबल बासच्या पावलांकडे कान द्यावा. तो पहिल्या खेपेस बहुधा ऐकूंच आलेला नसतो. तिसऱ्या वेळीं झांज कोणत्या मात्रेवर मिटते, तें मुलांनीं मोजावें, व आईबापांस सांगावें.